महत्तम, लघुत्तम आणि विकलज : रामचंद्रांच्या ग्रंथाचे पुनर्परीक्षण

१

दिल्ली कॉलेजातील अध्यापक रामचंद्र (१८२१–१८८०) यांनी १८५० मध्ये कलकत्ता येथे स्वखर्चाने एक इंग्रजी ग्रंथ छापविला. महत्तम व लघुत्तम मूल्यांचे प्रश्न केवळ बीजगणिताच्या साहाय्याने सोडविणे, हा त्याचा विषय. या प्रश्नांची सर्वमान्य रीत त्या वेळी विकलनाची होती व आजही तीच आहे. दिलेल्या फलनाचा विकलज काढावा, तो शून्याशी समान मांडावा, जी मूल्ये मिळतील त्यांची परीक्षा करावी. ही रीत बाजूस सारून समीकरणांच्या उपपत्तीवरच हे सारे प्रश्न, निदान त्यांतील बहुतेक, उभे करता येतील काय, असा रामचंद्रांचा प्रश्न होता. कलकत्त्यात ग्रंथाचे स्वागत फारसे अनुकूल झाले नाही. परंतु बेथून यांच्याकडून त्याच्या प्रती लंडनमधील गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे गेल्या, आणि डी मॉर्गन यांच्या खटपटीने ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाच्या आज्ञेवरून १८५९ मध्ये ग्रंथाची लंडन आवृत्ती निघाली. तिला डी मॉर्गन यांची विस्तृत प्रस्तावना आहे.

पुढे या ग्रंथाचे नशीब विचित्र ठरले. इतिहासलेखकांनी त्याचा गौरव केला; अध्यापकांनी त्याची रीत स्वीकारली नाही. एका बाजूस तो 'भारतीय बुद्धीचा स्वाभाविक आविष्कार' म्हणून पुढे केला जातो, तर दुसऱ्या बाजूस 'ज्याची गरज नव्हती असा खटाटोप' म्हणून बाजूस सारला जातो. माझ्या मते हे दोन्ही अभिप्राय ग्रंथातील रीत न तपासता दिले गेलेले आहेत. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषाविज्ञानाचा आहे, गणिताचा नव्हे. तरीही या विषयात शिरण्याचे धाडस केले आहे, ते एवढ्याचसाठी की रामचंद्रांचा प्रश्न मुळात भाषांतराचा प्रश्न आहे. एका परिभाषेत सांगितलेला विचार दुसऱ्या परिभाषेत सांगताना काय टिकते, काय गळते आणि काय नव्याने प्राप्त होते, हे पाहणे आमच्या शास्त्राच्या कक्षेत येते.

२

रीतीचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी सर्वांत साधे उदाहरण घेऊ. १० या संख्येचे असे दोन भाग करावयाचे आहेत की त्यांचा गुणाकार जास्तीत जास्त व्हावा. एक भाग क्ष मानला तर दुसरा १० − क्ष. विकलनाची रीत जाणणारा विद्यार्थी क्ष(१० − क्ष) या फलनाचा विकलज १० − २क्ष असा काढील, तो शून्य मानून क्ष = ५ हे उत्तर देईल आणि द्वितीय विकलज −२, म्हणजे ऋण आहे, यावरून हे महत्तम होय असा निर्णय करील.

रामचंद्रांचा मार्ग निराळा आहे. गुणाकाराचे मूल्य र आहे असे ते मानतात. मग क्ष² − १०क्ष + र = ० हे वर्गसमीकरण मिळते व त्याची मुळे ५ ± √(२५ − र) ही येतात. भाग वास्तव संख्या असावयाचे तर २५ − र ही राशी ऋण असून चालणार नाही. म्हणून र हा २५ पेक्षा मोठा असूच शकत नाही; आणि र = २५ असेल तेव्हा क्ष = ५. येथे कोठेही अत्यल्प वाढ कल्पावी लागली नाही, सीमा घ्यावी लागली नाही, स्पर्शिकेची आकृती डोळ्यांपुढे आणावी लागली नाही. वर्गसमीकरणाचा विवेचक ऋण नसावा, ही शाळेत शिकविली जाणारी गोष्ट पुरेशी झाली.

या दोन उत्तरांची तुलना करताना एक भेद सहसा कोणी लक्षात घेत नाही. विकलजाने आपणांस एक स्थान दाखविले आणि त्या स्थानाच्या आसपास काय घडते ते सांगितले. विवेचकाने मूल्यांची मर्यादाच ठरविली. क्ष ची कोणतीही वास्तव किंमत घ्या, गुणाकार २५ च्या वर जाणार नाही, हे विधान सर्व किमतींविषयी आहे. त्याला वेगळ्या परीक्षेची अपेक्षा नाही. म्हणजे वर्गसमीकरणापुरते बोलावयाचे तर रामचंद्रांची रीत केवळ सोपी नाही, ती अधिक सांगणारी आहे. टीकाकारांनी तिला दुय्यम लेखले, त्यांनी हा गुण पाहिलेला दिसत नाही. ग्रंथाला न्याय द्यावयाचा तर आरंभ येथून केला पाहिजे.

३

परंतु अडचण पुढच्याच पायरीवर येते. १२ इंच बाजूचा एक चौरस पत्रा आहे. त्याच्या चारी कोपऱ्यांतून क्ष इंच बाजूचे चौरस कापून कडा वर वळविल्या तर वर उघडी असलेली पेटी तयार होते. तिचे घनफळ क्ष(१२ − २क्ष)². ते महत्तम केव्हा होईल? विकलनाने उत्तर तत्काळ मिळते. विकलज १२(क्ष − २)(क्ष − ६) असा येतो; क्ष = ६ घेतल्यास पत्राच उरत नाही; क्ष = २ घेतल्यास घनफळ १२८ घनइंच होते.

आता घनफळ र मानू. चाराने भागिल्यावर क्ष³ − १२क्ष² + ३६क्ष − र/४ = ० हे घनसमीकरण मिळते. वर्गसमीकरणात आपण विचारले होते, मुळे वास्तव आहेत काय? तोच प्रश्न येथे विचारून उपयोग नाही; कारण घनसमीकरणाला, सहगुणक वास्तव असता, एक तरी वास्तव मूळ असतेच. र ची किंमत काहीही ठेवा, कोठे तरी एक क्ष सापडणारच. म्हणजे मूळ कसोटी, जिच्यावर सारी रीत उभी आहे, ती येथे शब्दशः लागू पडत नाही. या मार्गाने जाणाऱ्याला एक मूळ बाजूला काढून समीकरण एकघाती व वर्ग अशा दोन अवयवांत फोडावे लागते आणि वर्गावयवाची मुळे वास्तवातून काल्पनिकात जाताना ज्या क्षणी समान होतात तो क्षण पकडावा लागतो. आपल्या उदाहरणात र = १२८ असता समीकरणाची डावी बाजू (क्ष − २)²(क्ष − ८) अशी फुटते. २ हे मूळ दोनदा आले. तेच महत्तमाचे स्थान. र = ० असता ती क्ष(क्ष − ६)² अशी फुटते; तेथे ६ हे मूळ दोनदा आले, आणि ते लघुत्तमाचे स्थान.

म्हणजे 'मुळे वास्तव असावीत' या कसोटीची जागा आता 'मुळे समान असावीत' या कसोटीने घेतली. हा बदल वरवर किरकोळ दिसतो, पण संपूर्ण ग्रंथाचा निर्णय त्यावर अवलंबून आहे. कारण समान मुळांची अट आणि विकलज शून्य असण्याची अट या दोन वेगळ्या अटी नाहीत. एखादी बहुपदी (क्ष − अ)² आणि दुसरा एखादा अवयव यांचा गुणाकार असेल, तर तिच्या विकलजात (क्ष − अ) हा अवयव राहतोच; म्हणून क्ष = अ असता विकलज शून्य होतो. उलट, बहुपदी व तिचा विकलज हे दोन्ही एकाच ठिकाणी शून्य होत असतील, तर ते मूळ निदान दोनदा आलेले असते. र ही स्थिर संख्या असल्याने विकलजात ती लुप्त होते. मग फलनातून र वजा करून समान मुळे शोधणे म्हणजे फलनाचा विकलज शून्य कोठे होतो ते शोधणे होय. आकृतीच्या भाषेत हेच असे सांगता येईल : र उंचीवरील आडवी रेषा वक्राला दोन बिंदूंत छेदते, ती वर सरकवीत नेली की ते दोन बिंदू जवळ येत येत एक होतात, आणि त्या ठिकाणी रेषा छेदिका न राहता स्पर्शिका होते.

म्हणून रामचंद्रांनी विकलजाला ग्रंथाबाहेर ठेवले हे खरे. पण तो दुसऱ्या नावाने आत आलेला आहे. याने ग्रंथाचे महत्त्व उणावत नाही. इतिहासात हीच वाट विकलनाच्या पूर्वी चालली गेली आहे. देकार्तने १६३७ च्या आपल्या भूमितीत वक्राला लंब काढण्यासाठी समान मुळांचा उपयोग केला. हुडे याने महत्तम-लघुत्तमांविषयीचा आपला नियम याच तत्त्वावर बसविला व तो १६५९ मध्ये देकार्तच्या भूमितीच्या लॅटिन आवृत्तीबरोबर प्रसिद्ध झाला. समीकरणातील पदांना अंकगणिती श्रेढीतील संख्यांनी क्रमाने गुणावे, असा तो नियम आहे. तो आज पाहिला तर बहुपदीचा विकलज काढण्याचाच एक प्रकार दिसतो. फर्माची रीत त्याही आधीची, १६३० नंतरच्या दशकातली. क्ष च्या जागी क्ष + इ ठेवावे, दोन्ही मूल्ये जवळजवळ समान मानावीत, इ ने भागावे, आणि शेवटी इ टाकून द्यावा. आपल्या पहिल्या उदाहरणात १० − २क्ष − इ असे उरते, इ टाकला की १० − २क्ष = ०. ज्या इ ने आधी भागिले, म्हणजे जो शून्य नव्हता, तोच शेवटी शून्य म्हणून टाकला! या विसंगतीचे समाधान सीमेची कल्पना स्थिर होईपर्यंत झाले नाही. रामचंद्रांच्या मार्गाचा खरा गुण येथे आहे. ही अडचण त्यांना येत नाही, कारण त्यांच्या मांडणीत भागाकारही नाही आणि टाकणेही नाही.

४

परंतु या शुद्धतेसाठी मोठी किंमत मोजावी लागते. प्रकाशकिरण एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना वळतो. लघुत्तम कालाचा मार्ग तो घेतो, असे मानून फर्माने १६६२ मध्ये वक्रीभवनाचा नियम सिद्ध केला. एकूण काळ हा दोन वर्गमुळांची बेरीज असतो. प्रत्येक वर्गमुळाखाली अज्ञात स्थानाचा वर्ग येतो आणि प्रत्येकाला त्या त्या माध्यमातील वेगाने भागलेले असते. आता ही बेरीज र मानून वर्गमुळे घालवावयाची तर दोनदा वर्ग करावा लागतो आणि चतुर्घाती समीकरण हाती येते. त्याची मुळे समान केव्हा होतील ते शोधण्याचा खटाटोप किती मोठा, हे ज्याने त्याने करून पाहावे. विकलज घेतल्यास दोन पदे मिळतात, ती समान मांडली की दोन कोनांच्या ज्यांचे गुणोत्तर दोन वेगांच्या गुणोत्तराइतके आहे, हा नियम एका ओळीत उतरतो. लायब्निट्सने १६८४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हेच उदाहरण घेतले, ते योगायोगाने नव्हे. त्या निबंधाच्या नावाचा आरंभच महत्तम-लघुत्तमांच्या नव्या रीतीने होतो, आणि ती रीत अपूर्णांकांनी वा वर्गमुळांनी अडत नाही, हे त्या नावातच सांगितलेले आहे.

चतुर्घाती समीकरण निदान बीजगणिताच्या आवाक्यात तरी आहे. क्ष चे क्ष-वे मूळ महत्तम केव्हा होते, हा प्रश्न घ्या. विकलनाने उत्तर मिळते, नैसर्गिक लघुगणकांचा आधार जो सुमारे २·७१८ त्या किमतीस. पण हे मूळ र मानून जे समीकरण येते, त्याला घातच नाही. मग अवयव कशाचे पाडावे आणि समान मुळे कशी मोजावी? म्हणजे रामचंद्रांच्या प्रश्नाचे उत्तर आज आपणांस स्पष्ट देता येते. बहुपदींच्या राज्यात समीकरणांची उपपत्ती विकलजाचे काम करू शकते, कारण तेथे ती विकलजच असते. त्या राज्याची सीमा ओलांडली की तिची वाट खुंटते.

डी मॉर्गन हे थोर तर्कशास्त्रज्ञ होते. रीतीचा हा मर्यादित आवाका त्यांना दिसला नसेल असे संभवत नाही. पण त्यांच्या प्रस्तावनेचा भर दुसरीकडे आहे. ग्रीकांची भूमिती व हिंदूंची बीजगणिती अशा दोन बौद्धिक प्रकृती ते कल्पितात आणि हिंदुस्थानात गणिताचे पुनरुज्जीवन व्हावयाचे तर ते या देशी प्रकृतीला धरून व्हावे, असे सुचवितात. रामचंद्रांचा ग्रंथ त्यांना या विचाराचे उदाहरण म्हणून प्रिय आहे. हेतू उदार आहे, यात शंका नाही. कंपनीच्या राजवटीत एका हिंदी अध्यापकासाठी एवढे श्रम घेणारा दुसरा इंग्रज गणितज्ञ दाखविणे कठीण. तथापि उदार हेतूने केलेले वर्गीकरण बरोबरच असते असे नाही.

याच काळातील एक घटना या वर्गीकरणाला छेद देते. मराठी घराण्यातले, नागपुरास शिकलेले आणि पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झालेले बापूदेव शास्त्री हे रामचंद्रांच्याच वर्षी, म्हणजे १८२१ मध्ये, जन्मले. १८५८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी असे प्रतिपादन केले की भास्कराचार्यांस विकलनाचे तत्त्व अवगत होते. आधार 'सिद्धान्तशिरोमणी'चा, शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० मधील. चंद्रासारख्या शीघ्र ग्रहाची गती एका दिवसातही पालटते, म्हणून दैनिक गतीने काम भागत नाही, तात्कालिक गती घ्यावी लागते, हे भास्कराचार्य सांगतात. आणि ग्रहाचे मंदफल जेथे परमावधीस पोचते तेथे गतीला द्यावयाचा संस्कार नाहीसा होतो, स्पष्ट गती मध्यम गतीइतकीच राहते, हेही ते दाखवितात. राशी परमावधीस असता तिच्या पालटाचा वेग शून्य असतो, हाच आपला विषय. बापूदेवांच्या दाव्याला १८६० मध्ये स्पॉटिसवुड यांनी उत्तर दिले आणि पूर्ण विकलनशास्त्राचे श्रेय भास्कराचार्यांस देता येत नाही असे म्हटले. तो निर्णय मला मान्य आहे. एका खगोलीय राशीविषयीचे अचूक निरीक्षण म्हणजे सर्व फलनांची सामान्य रीत नव्हे.

पण डी मॉर्गन यांच्या सिद्धान्ताच्या दृष्टीने प्रश्न श्रेयाचा नाही. प्रश्न असा की हिंदू प्रकृती जर बीजगणिताची, तर विकलजाच्या सर्वांत जवळ जाणारा विचार भास्कराचार्यांच्या बीजगणितात न सापडता त्यांच्या ग्रहगणितात का सापडावा? उत्तर प्रकृतीत नाही, प्रयोजनात आहे. सतत पालटणाऱ्या गतीचा हिशेब ज्याला ठेवावयाचा होता, तो तात्कालिक गतीच्या कल्पनेपर्यंत पोचला. एखाद्या समाजाला अमुक एक कल्पना परकी व अमुक एक स्वाभाविक, अशी वाटणी परंपरेचा पुरावा मान्य करीत नाही. ज्या कल्पनेला परकी समजून रामचंद्रांच्या ग्रंथाच्या निमित्ताने टाळण्याची सोय केली गेली, तिचे बीज याच परंपरेत होते.

५

आता विकलजाच्या बाजूचे दोष पाहिले पाहिजेत; ते मुख्यतः भाषेचे आहेत आणि आजही आपल्या वर्गांतून नांदत आहेत. गणित विभागातील एका सहकाऱ्यांनी मला काही उत्तरपत्रिका दाखविल्या. त्यांत एक वाक्य पुनःपुन्हा आढळले : 'येथे विकलज शून्य आहे, म्हणून येथे महत्तम आहे.' हे वाक्य लिहिणारे विद्यार्थी मंद नव्हते. 'जेथे महत्तम, तेथे विकलज शून्य' असे त्यांना शिकविले होते, आणि त्यांनी ते उलटून वाचले.

'जेथे–तेथे' ही आपल्या भाषेची फार जुनी जोडी आहे. व्यवहारात ती दोन्ही बाजूंनी वाचली जाते. आपल्याकडील नैयायिकांनी हा धोका ओळखून तिच्यावर पहारा बसविला. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती त्यांनी मान्य केली. पण जेथे अग्नी तेथे धूर, हे नाकारले, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीवरून धुराचे अनुमान करावयाचे तर ओल्या इंधनाचा संयोग हा उपाधी जोडावा लागतो. आपल्या विषयात महत्तम हा धूर आणि विकलजाचे शून्यत्व हा अग्नी. क्ष³ हे फलन म्हणजे तो तापलेला गोळा : क्ष = ० असता विकलज शून्य आहे, पण फलन आधीही चढते आहे व नंतरही चढतेच आहे. ओले इंधन कोणते? विकलजाने त्या स्थानी चिन्ह बदलणे. धनाकडून ऋणाकडे गेला तर महत्तम, ऋणाकडून धनाकडे गेला तर लघुत्तम. द्वितीय विकलजाचे चिन्ह पाहणे ही याच उपाधीची एक सोयीची खूण आहे. तोही शून्य आला तर खूण मुकी होते, उपाधी मात्र कायम राहतो.

याच क्ष³ ने रामचंद्रांच्या रीतीलाही सावध राहावे लागते. क्ष³ = र या समीकरणाची मुळे र = ० असता समान होतात, पण तिन्ही; आणि मूळ विषम वेळा आले तर रेषा वक्राला स्पर्श करूनही पलीकडे जाते. दोन परिभाषा एकाच जागी अडखळतात, यावरूनही त्या एकाच विचाराच्या दोन परिभाषा आहेत हे कळून येते. शिवाय मूळ व्याप्तीलाही मर्यादा आहेत. क्ष चे केवल मूल्य शून्यापाशी लघुत्तम होते, पण तेथे विकलजच नाही. आणि मर्यादित अंतरालाच्या टोकांवर महत्तम येऊ शकते, विकलज शून्य नसतानाही. धूर आहे आणि अग्नी नाही, असे म्हणण्याची पाळी येऊ नये यासाठी 'अंतरालाच्या आतील बिंदू' व 'विकलज असलेले फलन' हे शब्द नियमातून कधीही गाळता कामा नयेत.

दुसरा दोष 'महत्तम' या शब्दातच आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात दोहोंच्या तुलनेसाठी 'तर' आणि अनेकांच्या तुलनेसाठी 'तम' प्रत्यय सांगितला. 'तम' म्हटले की एक समुदाय गृहीत असतो. त्या समुदायाचे नाव घेतल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही. 'पहिला आला' या वाक्याला 'वर्गात' की 'विद्यापीठात' हे लागतेच. मराठी विद्यार्थी 'महत्तम' हा शब्द प्रथम 'महत्तम साधारण विभाजक' या संज्ञेत ऐकतो; तेथे समुदाय साऱ्या साधारण विभाजकांचा असतो आणि महत्तम म्हणजे खरोखरच सर्वांत मोठा. तोच शब्द विकलनात आला की समुदाय एकदम आकुंचित होतो. तेथे तुलना बिंदूच्या लगतच्या परिसरापुरतीच असते. पेटीचे उदाहरण पुन्हा पाहा. क्ष = २ येथे मूल्य १२८, हे महत्तम. पण केवळ सूत्र पाहिले तर क्ष = ८ येथेही मूल्य १२८ आहे, आणि त्यापुढे ते अमर्याद वाढते. १२८ हे 'सर्वांत' मोठे ठरते ते पत्र्याने घातलेल्या ० ते ६ या मर्यादेत. हा दोष मराठीचा म्हणून समजू नये. लॅटिन शब्दही अतिशयवाचकच आहे, आणि लायब्निट्सच्या निबंधाच्या नावात तो तसाच बसला आहे. फरक इतकाच की परकी शब्द अर्थाविना पाठ होतो, आपला शब्द अर्थासह येतो, आणि आलेला अर्थ चुकीचा असेल तर अधिक बाधतो. म्हणून 'स्थानिक महत्तम' व 'निरपेक्ष महत्तम' यांतील विशेषणे ऐच्छिक नव्हेत; ती संज्ञेचा भाग मानली पाहिजेत.

६

हे सर्व एका जुन्या ग्रंथाच्या निमित्ताने सांगण्याचे प्रयोजन आता स्पष्ट करतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय भाषांतून उच्च शिक्षणाचा पुरस्कार केल्यापासून मराठीतून विज्ञान व गणित शिकविण्याची चर्चा पुन्हा जोमाने सुरू झाली आहे. तिचे मी स्वागत करतो. परंतु या चर्चेत एक मोह दिसतो : मातृभाषेतून म्हणजे सोपे, आणि सोपे म्हणजे अवघड कल्पना वगळून. रामचंद्रांचा ग्रंथ हा मोह बाळगणाऱ्यांनी आवर्जून वाचावा. ज्या कॉलेजाच्या प्राच्य विभागात पाश्चात्त्य शास्त्रे उर्दूतून शिकविली जात, तेथे ते शिकवीत होते. परिचित बीजगणितातून अपरिचित प्रश्नाकडे जाण्याची वाट त्यांनी शोधली, ती खऱ्या अध्यापकाची वाट होती. वर्गसमीकरणापर्यंत ती राजमार्गासारखी आहे, आणि माझ्या मते मराठी पाठ्यपुस्तकांनी विकलनाच्या आधी विवेचकाचे हे प्रकरण अवश्य घ्यावे. दहाचे दोन भाग करणारा विद्यार्थी जेव्हा र ला २५ च्या वर नेऊ पाहतो आणि मुळे काल्पनिक होतात, तेव्हा महत्तम म्हणजे काय ते त्याला कळते. विकलज शून्य मांडणाऱ्याला ते कळलेच असेल असे नाही.

पण घनसमीकरणापाशी पोचताच अध्यापकाने थांबून सांगितले पाहिजे की येथून पुढे आपण ज्याला समान मूळ म्हणतो आहोत, त्याचे नाव विकलज. त्या नावाला भिण्याचे कारण नाही. ते टाळण्यात आपल्या परंपरेची प्रतिष्ठाही नाही, कारण पालटत्या गतीचा विचार करणाऱ्या भास्कराचार्यांनी ती कल्पना टाळली नव्हती. रामचंद्रांच्या ग्रंथाचे यश असे की त्याने एका परिभाषेतून दुसरीकडे जाणारा पूल बांधला. पुलालाच पैलतीर समजणे ही चूक त्यांच्या प्रशंसकांची आहे. तिचा बोजा ग्रंथावर टाकू नये.